एशियाडची कबड्डी: सोनं धरून चालायचे दिवस गेले. नागोयाला जाताना काय बदलायला हवं?

परळचा_चढाईपटू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. २०२६ च्या १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर जपानमध्ये आयची-नागोयाला एशियाड आहे आणि आमच्या मंडळाच्या ग्रुपवर आत्तापासूनच "कबड्डीची दोन गोल्ड धरून चाला, बाकीचं मोजा" असे मेसेज फिरायला लागलेत. मला ह्या "धरून चाला"वरच बोलायचंय.

आधी थोडा इतिहास, कारण नवीन पोरांना माहीत नसतो. १९९० ला बीजिंगला कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली, त्याआधी १९८२ ला दिल्लीत नुसती प्रदर्शनीय होती. बीजिंगपासून २०१४ च्या इंचिऑनपर्यंत पुरुषांची सातच्या सात सुवर्णं आपली. महिलांची कबड्डी २०१० ला ग्वांगझूला आली, ते सुवर्ण आपलं, इंचिऑनचं पण आपलंच. त्या इंचिऑनच्या संघात आपल्या मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती, पुढे तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

मग आलं २०१८ चं जकार्ता. साखळीत कोरियाने २३-२४ हरवलं, लोक म्हणाले होतं एखाद वेळेस. सेमीफायनलला इराणने १८-२७ असं धुतलं आणि सात वेळच्या विजेत्यांच्या गळ्यात ब्राँझ आलं. दुसऱ्या दिवशी मुलींची फायनल, समोर परत इराण, २४-२७. दोन दिवसांत दोन्ही सोनी गेली.

२०२३ ला हांगझोऊच्या एशियाडला दोन्ही परत आणली, कबूल, आणि ज्यांनी आणली त्यांना माझा सलाम. पण म्हणून जकार्ता हा अपघात होता असं जे बोललं जातं ते मला अजिबात पटत नाही. हांगझोऊचे स्कोअर बघा ना. पुरुषांची फायनल इराणशी ३३-२९, शेवटच्या दीड-एक मिनिटात २८-२८ होते आणि जवळपास तासभर मॅच बंद पडली होती. मुलींची फायनल चायनीज तैपेईशी (म्हणजे तैवानशी) २६-२५. एक गुण! साखळीत त्याच तैपेईशी ३४-३४ बरोबरी झालेली. आणि मागे जाऊन बघितलं तर इंचिऑनची पुरुषांची फायनल पण इराणशीच होती, २७-२५. ग्वांगझूला ह्याच इराणला आपण ३७-२० हरवलं होतं. चार वर्षांत सतरा गुणांचा फरक दोनवर आला, तेव्हाच कळायला हवं होतं.

माझं म्हणणं सरळ आहे. बाकीच्यांनी हा खेळ मन लावून शिकला, आपण मात्र आपल्याकडे तो उपजत आहे असं समजून बसलो. इराणमध्ये कुस्ती घराघरात, त्यांची पोरं पकडीला येतात तेव्हा हाताची पकड आणि कंबरेचा जोर आधीच तयार असतो, त्यावर त्यांनी साखळी, म्हणजे हातात हात धरून करायची पकड, बसवली. आपल्याकडे दहा चढाईपटू तयार होतात तेव्हा एक धड कोपरारक्षक, म्हणजे बचावात टोकाला उभा राहणारा, मिळतो. गल्लीतल्या कुठल्याही मॅचला बघा, टाळ्या आणि शिट्ट्या सगळ्या चढाईला. पकडीला कोण विचारतो?

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. मुंबईचा आणि महाराष्ट्राचा राष्ट्रीय संघातला वाटा का कमी झाला त्यावरही बोलूया.

भांडुपकर

धागा वेळेवर काढलात दादा. एक शंका, हांगझोऊच्या पुरुषांच्या फायनलला नेमकं झालं काय होतं? मी टीव्हीवर बघत होतो, दोन्ही टीम मॅटवर बसलेल्या, पंच इकडून तिकडे धावतायत, गुण बोर्डावर चढतायत आणि परत उतरतायत. शेवटपर्यंत मला कळलं नाही आपण जिंकलो ते कशावर. नियम माहीत असलेल्या कोणीतरी सांगा.

डावा_कोपरा

सांगतो, पंच परीक्षा दिलेली आहे त्यामुळे हा विषय माझ्या आवडीचा.

मैदानाच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटरची पट्टी असते, लॉबी म्हणतात ती. एरवी ती खेळात नसते. चढाईपटूने कोणाला स्पर्श केला किंवा झटापट सुरू झाली की मगच ती खेळात येते. स्पर्श न होता जो लॉबीत पाय टाकेल तो बाद.

आता त्या दिवशी २८-२८, आपला पवन सेहरावत तिसऱ्या चढाईला गेला, आधीच्या दोन रिकाम्या गेलेल्या, म्हणजे गुण आणला नाही तर स्वतः बाद. तो आत गेला आणि कोणालाही हात न लागता त्याचा पाय लॉबीत गेला. तिथेच तो बाद. पण इराणचे बचावपटू थांबले नाहीत, ते त्याच्या मागोमाग त्याला धरायला लॉबीत शिरले. जुन्या नियमाने बघितलं तर स्पर्श झालेलाच नाही, म्हणजे लॉबीत आलेले ते सगळे पण बाद. नव्या नियमाने, जो प्रो कबड्डी लीगमध्ये वापरतात, चढाईपटूचा पाय पडला तिथेच चढाई संपली, पुढे कोण कुठे गेलं त्याला अर्थ नाही, दोन्ही बाजूंना काय तो एक-एक गुण द्या. आता ह्या स्पर्धेला कोणता नियम लागू, ह्यावर तासभर वाद. आधी एक निर्णय, मग दुसरा, मग इराणचा निषेध, मग आपला निषेध. शेवटी आपल्या बाजूने लागला आणि ३३-२९ झालं.

माझं मत विचाराल तर जो नियम कागदावर होता त्याने निकाल योग्य होता. पण एशियाडच्या फायनलला, अख्खा आशिया बघतोय, आणि पंचांना नियम कोणता ते बसून ठरवावं लागतं, ह्याची मला फार लाज वाटली. हा खेळ ऑलिंपिकला न्यायचा म्हणतो ना आपण? मग नियमाचं पुस्तक एकच पाहिजे, लीगचं वेगळं आणि आंतरराष्ट्रीय वेगळं असं चालणार नाही.

भांडुपकर

आत्ता समजलं. धन्यवाद दादा, इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.

अण्णा_लालबाग

धाग्याशी निम्मा सहमत. पकडीचं म्हणताय ते खरं आहे. पण मुंबईचा वाटा कमी झाला त्याचं कारण पकड नाही, पोट आहे.

आमच्या काळात पोरगा चांगला खेळला की त्याला कुठल्यातरी कंपनीच्या, बँकेच्या, रेल्वेच्या, बंदराच्या टीममध्ये नोकरी लागायची. सकाळी ड्युटी, संध्याकाळी सराव. नायगाव, परळ, लालबाग, प्रभादेवी, वरळी, प्रत्येक गल्लीत संघ होता आणि प्रत्येक संघातल्या दोघातिघांच्या घरी त्या खेळामुळे चूल पेटत होती. गिरण्या गेल्या, कामगार वस्ती कल्याण-डोंबिवली-विरारला गेली, कंपन्यांनी खेळाडू भरती थांबवली. जो पोरगा आज विरारहून दोन गाड्या बदलून कामाला येतो तो रात्री नऊ वाजता घरी पोचतो, त्याने सराव कधी करायचा? हरियाणात पोलीस आहे, सेनादल आहे, गावात अजून जमीन आहे, दूध आहे. तिथला बाप पोराला कबड्डीला घालतो कारण पुढे नोकरी दिसते.

१९९० च्या बीजिंगच्या संघात आपला अशोक शिंदे होता. हांगझोऊच्या पुरुष संघात महाराष्ट्राचे दोघे, अस्लम इनामदार नगरचा आणि आकाश शिंदे नाशिकचा. दोघेही गुणी, त्यांचा अभिमानच आहे. पण मुंबईचा एक नाही. ज्या शहरात बुवा साळवींनी ह्या खेळासाठी आयुष्य घातलं, ज्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो, त्या शहराचा एक पोरगा नाही. हे मला बोचतं.

परळचा_चढाईपटू

अण्णा, नोकरीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण एक सांगू का, जानेवारी २०१८ ला हैदराबादला सीनिअर नॅशनल आपण महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ हरवून जिंकलो, कॅप्टन आपला रिशांक देवाडिगा. म्हणजे अडचणी असताना पण गुणवत्ता होतीच. त्याच वर्षी रिशांक आणि कल्याणचा गिरीश इर्नाक जकार्ताला गेले. मग त्यानंतर मुंबईतून पुढची फळी का आली नाही? मला वाटतं आपण अजून अर्धे मातीत आहोत.

अण्णा_लालबाग

मातीला नावं ठेवू नका. मातीने पाय घट्ट होतात.

परळचा_चढाईपटू

नावं नाही ठेवत अण्णा, मी पण मातीतच शिकलो. पण मातीत पाय घसरतो आणि मॅटवर पाय धरला जातो, हा फरक छोटा नाही. मातीत चढाईपटू वळताना अर्धा फूट सरकतो, तेवढ्यात घोटा धरायला वेळ मिळतो. मॅटवर तो जागच्या जागी वळतो, हात मारून मध्यरेषेवर पोचलेला असतो. मातीतली पकडीची सवय घेऊन पोरगा मॅटवर गेला की प्रत्येक वेळी क्षणभर उशीर. आणि उलट बाजूने बूट मॅटला चिकटतो, वरचं शरीर वळतं, गुडघा वळत नाही, म्हणून लिगामेंटच्या दुखापती. पोरं वर्षभर मातीत खेळतात आणि निवड चाचणीला थेट मॅटवर उभी राहतात, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

वरळीची_मुलगी

बराच वेळ वाचत होते, आता लिहितेच. सगळे पुरुषांच्या संघावर बोलतायत. जकार्ताच्या मुलींच्या संघात लोअर परळची सोनाली शिंगटे होती, पुण्याची सायली केरीपाळे होती, हांगझोऊच्या सुवर्ण संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. म्हणजे महाराष्ट्राच्या मुली जातायत. एशियाडमध्ये भारताचं शंभरावं पदक कोणतं होतं आठवतंय का? हांगझोऊला आपण एकूण १०७ आणली, पहिल्यांदाच शंभरी ओलांडली, आणि ते शंभरावं पदक म्हणजे मुलींच्या कबड्डीचं सुवर्ण, तैपेईला २६-२५ हरवून. पूजा हाथवाला, पुष्पा राणा, कॅप्टन रितू नेगी, ही नावं किती जणांना पाठ आहेत सांगा.

आता मॅटबद्दल. मी क्लबकडून खेळते, क्लबचं नाव नको. आमच्याकडे मॅट आहे, पण ती हॉलमध्ये आहे आणि हॉल लग्नाच्या सीझनला भाड्याने जातो. मग मॅट उचलून मागे भिंतीला लावायची. ती काय सतरंजी नाही, दातेरी तुकडे असतात, एकात एक बसवायचे, आणि दोन-तीनदा काढून लावली की कडेचे दात झिजतात. एक दात नीट बसला नाही की बारीक फट राहते. त्या फटीत पायाचा अंगठा अडकून आमच्यातली एक मुलगी जिल्हा स्पर्धेच्या तोंडावर घरी बसली. तेव्हापासून मॅट टाकली की आम्ही आधी अनवाणी पूर्ण मैदानावर चालतो, तळपायाला फट लागली की तो तुकडा काढून परत बसवतो, मग बूट घालतो.

आणि वेळ. मैदान सहा ते आठ मुलांना, मुलींना आठनंतर. आठला सुरू केलं की घरून नऊला फोन. ज्या मुलींचे आईवडील फोन न करता मैदानावर येऊन बसतात त्याच टिकतात, हे मी बघितलंय. माझी आई यायची. म्हणून मी खेळतेय.

मीनल_ठाणे

ताई, काटा आला वाचताना. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, शाळेच्या संघात आहे. आता मी मैदानावर बसणार.

सुमेध_क

मला एक वेगळं विचारायचंय. ही इराणची पोरं प्रो कबड्डीत खेळूनच तयार झाली ना? फझल अत्राचली आपल्या मुंबईच्या टीमचा, यू मुम्बाचा, कॅप्टन होता, आपणच वरळीच्या डोममध्ये त्याच्या नावाने ओरडत होतो. हांगझोऊची फायनल झाली आणि दोन-तीन दिवसांत इराणच्याच शादलूला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतलं. आपण पैसे देऊन त्यांना शिकवायचं आणि त्यांनी आपल्याला हरवायचं. परदेशी खेळाडू बंद केले तर?

डावा_कोपरा

अजिबात सहमत नाही. फझल डावा कोपरा, शादलू डावा कोपरा, मी पण डावा कोपरा, त्यामुळे मी जरा जोरात बोलणार. फझल पकडीला जायच्या आधी चढाईपटूच्या पायाकडे नाही, कंबरेकडे बघतो. पाय हूल देतात, कंबर हूल देत नाही. हे मी त्याच्या मॅच बघून बघून शिकलो आणि आमच्या पोरांना शिकवलं. हे शिक्षण आपल्याला घरबसल्या मिळालं.

शिवाय पुणेरी पलटणने शादलूला घेतलं तेव्हा कॅप्टन कोण होता? आपला अस्लम. महिनोन् महिने अस्लमने सरावात जगातल्या सगळ्यात अवघड कोपऱ्यासमोर चढाया केल्या आणि त्या मोसमात पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली. त्याचा फायदा नागोयात होईलच ना.

आणि महत्त्वाचं, दुसरं कोणी जिंकणारच नसेल तर हा खेळ ऑलिंपिकला कोण घेईल? इराण, कोरिया, तैपेई जिंकायला लागले म्हणून कबड्डी आशियाची झाली.

सुमेध_क

ऑलिंपिकचा मुद्दा पटला. तरी जकार्ता बघताना फार जिव्हारी लागलं होतं.

भांडुपकर

त्या जकार्ताच्या इराणच्या मुलींच्या कोच आपल्या नाशिकच्या होत्या असं वाचलेलं, खरं का?

वरळीची_मुलगी

खरं आहे. शैलजा जैन, नाशिकच्या. आयुष्यभर इथे मुली घडवल्या आणि मग इराणला गेल्या. तिथली भाषा शिकल्या, मुलींना योग आणि प्राणायाम शिकवला, दम कसा टिकवायचा ते शिकवलं आणि आपल्याच संघाला हरवून सुवर्ण मिळवून दिलं.

काही जणांना तेव्हा राग आला होता. मला त्यांचा राग कधीच आला नाही. राग आला तो ह्याचा की एवढं ज्ञान असलेली बाई नाशिकमध्ये होती आणि आपल्या राष्ट्रीय संघाला ती दिसली नाही. पोरींना नुसतं पळवून आणि सूर मारायला लावून चालत नाही, शेवटच्या पाच मिनिटांत श्वास आणि डोकं दोन्ही ताब्यात लागतं. हांगझोऊच्या फायनलला मध्यंतराला आपण पुढे होतो आणि नंतर ती आघाडी गेली, शेवटी एका गुणावर आलो. हे दमाचं काम आहे.

परळचा_चढाईपटू

+१००. शैलजाताईंचं उदाहरण मी मुद्दाम मूळ लेखात घातलं नव्हतं, कोणीतरी काढेल असं वाटलंच होतं. आपल्याकडे ज्ञान आहे, ते वापरायची व्यवस्था नाही. त्यात फेडरेशनचे कोर्टात वाद, २०१८ पासून २०२५ पर्यंत कारभार कोर्टाने नेमलेल्या प्रशासकाकडे होता, ह्या सगळ्यात खेळाडूंनी काय करायचं?

अण्णा_लालबाग

कोर्टाचं कोर्ट बघेल. आपण आपल्या गल्लीचं बघूया. परळच्या, तुमचा मातीचा मुद्दा मी रात्री बसून वाचला. वर्षाचे निदान सहा महिने तरी मॅट पाहिजे हे मान्य. पण दहा वर्षांच्या पोराला मात्र मातीतच उतरवा, पडायचं कसं ते तिथेच कळतं. मॅट चौदाव्या-पंधराव्या वर्षी.

डावा_कोपरा

अण्णांचं हे बरोबर आहे. मी पण असंच करतो. आणि मंडळांनी एक करा, "सर्वोत्कृष्ट पकड"चं बक्षीस चढाईच्या बक्षिसाएवढंच ठेवा. आमच्याकडे चढाईला सायकल आणि पकडीला भिंतीवरचं घड्याळ असं होतं. दोन्हीला सायकल केली. पुढच्या मोसमात कोपऱ्यावर उभं राहायला पोरं स्वतःहून पुढे आली.

मीनल_ठाणे

किती छान! आमच्या शाळेत सुचवते. आणि मुलींच्या संघाकडून नागोयात किती अपेक्षा ठेवायची?

वरळीची_मुलगी

खूप ठेवा. २०२५ च्या नोव्हेंबरात ढाक्याला वर्ल्ड कपच्या फायनलला समोर परत चायनीज तैपेईच होती आणि ह्यावेळी ३५-२८. एका गुणाचे सात गुण झाले, म्हणजे काहीतरी सुधारलंय. तैपेईच्या मुली बोनससाठी फार येतात, सहा-सात जणी मैदानात असल्या की बोनस रेषेवर पाय टाकून परत, अंगाला हात लावूच देत नाहीत. एक-एक करत गुण नेतात आणि समोरच्या संघाला कळेपर्यंत उशीर होतो. त्याला उपाय एकच, उजव्या कोपऱ्याने आणि तिच्या बाजूच्या मुलीने एकदम आत यायचं, पाय हवेत असतानाच. एकटीने गेलं की गुण गेला.

परळचा_चढाईपटू

ह्याच पकडीवर व्हिडिओ थांबवून थांबवून पोरांशी बोलायचं ठरवलंय. हांगझोऊच्या दोन्ही फायनल आणि जकार्ताची सेमी. जकार्ता आधी दाखवू का शेवटी ते कळत नाहीये, पोरं नाउमेद नको व्हायला.

अण्णा_लालबाग

आधी दाखवा. हरलेली मॅच पोरं जास्त लक्ष देऊन बघतात. मी येतो रविवारी, कोपऱ्यावरच्या पोरांना मला द्या.

डावा_कोपरा

मी पण येतो. मुलींना पण बोलवा, आणि वेळ आठनंतरची ठेवू नका.

वरळीची_मुलगी

पाच वाजता ठेवा. आमच्या सगळ्या जणी येतील.